अपुऱ्या पदवीचा पुरा हिशेब

नोकरीचा अर्ज भरताना 'शैक्षणिक पात्रता' या रकान्यापाशी ज्यांची लेखणी अडखळते, असे उमेदवार आपल्याकडे थोडे नाहीत. बी.ए. किंवा बी.कॉम. झाल्यावर त्यांनी पदव्युत्तर वर्गात नाव घातलेले असते, एक वर्ष पुरे केलेले असते, आणि मग काही कारणाने ते शिक्षण तेथेच थांबलेले असते. हे शिक्षण अर्जात लिहावे काय? लिहिले तर अपयशाची कबुली दिल्यासारखे वाटते. न लिहिले तर मधली दोन वर्षे कोठे गेली, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. आणि नुसते 'एम.ए.' असे लिहून मोकळे व्हावे, तर ते असत्य ठरते. प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु उमेदवाराची पत, नोकरी देणाऱ्याचा विश्वास आणि विद्यापीठीय शिक्षणाचा अर्थ या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या असल्यामुळे त्याचा विचार नीट व्हावयास हवा.

जमिनीकडून गुणपत्रिकेकडे

रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्याकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती आणि मिठागरे यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या हातून जमीन निसटली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले, आणि त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि त्याच्याभोवती कंटेनरची आवारे व गोदामे उभी राहिली. ज्यांच्या आजोबांचा आधार सातबाऱ्याचा उतारा हा होता, त्यांच्या नातवंडांचा आधार आता गुणपत्रिका हा आहे.

पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय तालुक्यातच झाली. रयत शिक्षण संस्थेचे फुंडे येथील वीर वाजेकर महाविद्यालय आणि कोंकण ज्ञानपीठाचे उरण येथील महाविद्यालय यांनी अनेक घरांत पहिला पदवीधर निर्माण केला. पदवीनंतरची वाट मात्र अधिक खडतर होती. ज्याचा विषय घराजवळ मिळत नसे, त्याला मोरा बंदरातून लाँचने भाऊचा धक्का गाठावा लागे, नाही तर एस.टी.ने पनवेल किंवा वाशी गाठून पुढचा प्रवास करावा लागे. उरणपर्यंत लोकल गाडी पोचली ती जानेवारी २०२४ मध्ये. तोवर कलिन्याच्या वर्गात रोज हजर राहणे म्हणजे दिवसातले चार-पाच तास प्रवासात घालविणे असे. म्हणून नोकरी करणाऱ्या अनेकांनी मुंबई विद्यापीठाच्या १९७१ पासून चालत आलेल्या पत्रद्वारा शिक्षणाचा आश्रय घेतला.

अशा परिस्थितीत एम.कॉम.चा पहिला भाग उत्तीर्ण झालेल्या एखाद्या तरुणाला गोदामात टॅली क्लार्कची नोकरी लागते. पाळी आठवड्याला बदलते; परीक्षेच्या दिवसांतच नेमके जहाजांचे काम वाढलेले असते; दुसऱ्या भागाचा फॉर्म भरावयाचा राहून जातो. एखाद्या मुलीचे लग्न ठरते आणि सासरच्या गावाहून परीक्षा केंद्र दूर पडते. कोणाच्या घरी आजारपण येते व फीचे पैसे औषधांकडे वळतात. शिक्षण सुटण्याची ही कारणे बुद्धीच्या उणिवेची नाहीत. पुष्कळदा तर ज्या नोकरीसाठी पुढचे शिक्षण घ्यावयाचे ती नोकरीच आधी मिळाल्यामुळे शिक्षण थांबलेले असते. आणखी एका वर्षाचा खर्च आणि त्या वर्षात बुडणारा पगार यांची बेरीज करून कुटुंबाने घेतलेला तो निर्णय असतो. त्याला अपयश म्हणणे हे चुकीचे मोजमाप होय.

मौनाची किंमत

मग नोकरी देणारा या अपुऱ्या शिक्षणाकडे कसा पाहतो? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील 'संकेता'ची कल्पना मांडली. उमेदवाराची कुवत मालकाला थेट दिसत नाही. म्हणून जी गोष्ट मिळविण्यास कष्ट पडतात ती पाहून तो कुवतीचा अंदाज बांधतो. पदवी ही अशी एक खूण आहे. माहितीच्या या विषमतेवरील संशोधनाबद्दल स्पेन्स यांना २००१ मध्ये जॉर्ज अकरलॉफ आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. याच्याच जोडीला आणखी एक निरीक्षण आहे. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला बाजारात जी किंमत येते ती आधीच्या वर्षांच्या मानाने पुष्कळच अधिक असते. पूर्वी पदवीपत्रे मेंढीच्या कातड्यावर लिहीत, म्हणून अर्थशास्त्रज्ञ याला 'मेंढीच्या कातड्याचा परिणाम' असे नाव देतात. पहिल्या वर्षात शिकलेले सांख्यिकी किंवा लेखाशास्त्र दुसरे वर्ष न झाल्याने डोक्यातून निघून जात नाही. तरीही बाजार किंमत देतो ती ज्ञानाला तितकी नव्हे, जितकी पुरेपणाच्या शिक्क्याला.

यावरून 'मग अपुरे शिक्षण न लिहिलेलेच बरे' असा निष्कर्ष अनेक जण काढतात. परंतु तो बरोबर नाही. ज्याच्यापाशी माहिती कमी असते तो रिकाम्या जागेचा अर्थ चांगला लावीत नाही, वाईटच लावतो. बायोडाटात २०१८ मध्ये बी.कॉम. आणि २०२० मध्ये पहिली नोकरी असे दिसले, तर मधली दोन वर्षे उमेदवार रिकामा बसला होता असेच वाचणारा धरून चालतो. त्या काळात त्याने एम.कॉम.चे अर्धे विषय उत्तीर्ण केले होते, ही वस्तुस्थिती अपुरी असली तरी रिकाम्या जागेपेक्षा तिचे मोल निश्चितच जास्त आहे. मौन हे तटस्थ नसते, हे या व्यवहारात विसरून चालत नाही.

एका शब्दाखाली चार अवस्था

घोटाळा होतो तो मुख्यतः शब्दांमुळे. आपल्याकडे अर्जात सर्रास 'एम.ए. (अपिअर्ड)' असे लिहिण्याची चाल आहे. हा शब्द चार अगदी वेगवेगळ्या अवस्थांना झाकतो. पहिली, शिक्षण चालू आहे. दुसरी, परीक्षा दिली आहे पण निकाल लागलेला नाही. तिसरी, परीक्षा दिली आणि काही विषय राहिले. चौथी, शिक्षण सोडून दिले आहे. या चार उमेदवारांची स्थिती एकसारखी नाही आणि मालकाच्या दृष्टीनेही ती एक नाही. निकाल अडकलेल्याचा दोष तर मुळीच त्याचा नसतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. त्या काळात परीक्षा देऊन बसलेल्या विद्यार्थ्याला 'निकाल प्रतीक्षेत' असे लिहिण्याचा पूर्ण हक्क होता. पण जो दुसऱ्या वर्षाला बसलाच नाही, त्याने तोच शब्द वापरणे म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीच्या आड लपणे होय.

दुसरी युक्ती याहून सूक्ष्म आहे. 'एम.ए. (अर्थशास्त्र), मुंबई विद्यापीठ, २०१८–२०' असे लिहावयाचे आणि पदवी मिळाली की नाही हे सांगावयाचेच नाही. यात एकही अक्षर खोटे नाही, असे समर्थन केले जाते. परंतु वाचणाऱ्याचा गैरसमज व्हावा हाच ज्या वाक्याचा हेतू आहे ते खरे म्हणता येत नाही. उरणच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. उताऱ्यावर पाच गुंठे असतील तर पाचच लिहिले जातात. त्यांचा एकर करता येत नाही, आणि एकर नाही म्हणून पाच गुंठे कोणी सोडूनही देत नाही. शिक्षणाच्या नोंदीलाही हाच न्याय लावावयास हवा.

लपविण्याचे परिणाम

न मिळालेली पदवी मिरविण्याचा शेवट कसा होतो, याची उदाहरणे जगभर आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेच्या प्रवेश विभागाच्या प्रमुख मॅरिली जोन्स यांना एप्रिल २००७ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांनी सांगितलेल्या पदव्या त्यांना मिळालेल्याच नव्हत्या. त्यांपैकी एका संस्थेत त्या काही काळ शिकल्या होत्या, एवढेच खरे होते. अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत त्यांनी नाव कमावले होते. आपले शिक्षण जसे होते तसे प्रथमच लिहिले असते, तर ते नाव त्यांना गमवावे लागले नसते.

पदवी असून ती लपविणाऱ्याचीही सुटका नाही. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई पदाच्या एका जाहिरातीत उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, परंतु पदवीधर नसावा, अशी अट होती. एका उमेदवाराने आपण पदवीधर आहोत हे अर्जात सांगितले नाही आणि निवड झाल्यावर ते उघडकीस आले. ओरिसा उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला होता. पण नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला आणि वस्तुस्थिती दडविणाऱ्याला नेमणुकीवर हक्क सांगता येणार नाही असे ठरविले. शिपायाच्या जागेसाठी पदवी लपवावी लागावी हे आपल्या बेकारीचे विदारक चित्र आहे यात शंका नाही. तथापि, अर्जातील माहिती ही विश्वासाची बाब आहे, हे तत्त्व त्यामुळे बदलत नाही.

याउलट, 'अपूर्ण' हा शब्द उघडपणे लिहिल्याने सर्वस्व बुडते असेही नाही. २०१९ मध्ये अमेठीतून लोकसभेची निवडणूक लढविताना तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी आपल्या शपथपत्रात बी.कॉम.चा पहिला भाग नोंदवून तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेला नाही असे नमूद केले. त्यापूर्वीच्या त्यांच्या शपथपत्रांतील नोंदी एकमेकींशी जुळत नसल्यामुळे वर्षानुवर्षे वाद चालला होता. राजकारण बाजूला ठेवले, तरी एक गोष्ट ध्यानात येते. वाद झाला तो शिक्षण अपुरे होते म्हणून तितका नव्हे, जितका नोंदी वेगवेगळ्या होत्या म्हणून.

आता तर पडताळणीही सोपी झाली आहे. विद्यापीठांच्या गुणपत्रिका आणि पदवीपत्रे डिजिलॉकरवर येऊ लागली आहेत, आणि मोठ्या कंपन्या नेमणुकीनंतर कागदपत्रे तपासून घेतात. पूर्वी जी गोष्ट विद्यापीठाच्या दप्तरात पडून राहत असे, ती आता काही मिनिटांत समोर येते. दहा वर्षे इमानाने काम केल्यावर एका रकान्यापायी नोकरी जावी, हा सौदा कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच आहे.

अपुरेपणाची मुदत

ब्रिटिश अमदानीत 'बी.ए. नापास' अशी पदवी लावणाऱ्यांची बरीच थट्टा झाली. परंतु त्या थट्टेच्या मागे एक वस्तुस्थिती होती: मॅट्रिक आणि इंटर या दोन्ही पायऱ्या चढल्याशिवाय बी.ए.ला नापासही होता येत नसे. नापास झालेल्या त्या कारकुनाने निदान 'नापास' हा शब्द तरी स्पष्ट लिहिला होता. आजच्या 'अपिअर्ड'पेक्षा तो जुना शब्द अधिक सरळ होता, असेच म्हणावे लागेल.

अपुरे शिक्षण आणि पुरी योग्यता यांचा संबंध समजून घ्यावयाचा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९१७ ते १९२० या काळाकडे पाहावे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला जाऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे त्यांनी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. त्या क्षणी लंडनची पदवी अपुरी होती, बॅरिस्टरी अपुरी होती आणि कोलंबियाची डॉक्टरेट रीतसर हाती यावयाची होती. तरीही नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. १९२० मध्ये, स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांच्या बळावर ते लंडनला परत गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. तर त्यांना रीतसर मिळाली ती १९२७ मध्ये, प्रबंध छापून झाल्यानंतर.

या इतिहासातून दोन गोष्टी निघतात. अभ्यास अर्धा राहिला म्हणून माणूस अडाणी ठरत नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट अशी की, लंडन विद्यापीठाने त्यांना परत येऊन अभ्यास पुरा करण्यासाठी चार वर्षांची मुदत दिली होती. म्हणजे संस्थेने त्यांच्या अपुऱ्या शिक्षणाला दाद दिली आणि कालमर्यादाही घातली. संस्थेने एवढे केले म्हणूनच पुढे ते शिक्षण पुरे होऊ शकले.

आपल्या व्यवस्थेलाही हे आता उमगू लागले आहे. महाविद्यालयीन अध्यापकांसाठीच्या 'नेट' परीक्षेला पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाचा विद्यार्थी बसू शकतो, मात्र निकालानंतर दोन वर्षांत त्याने पदवी पुरी केली पाहिजे. येथे अपुरेपणाला नाव आहे आणि मुदत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने अभ्यासक्रमातून मध्येच बाहेर पडण्याची व पुन्हा येण्याची मुभा मान्य केली, आणि २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक स्थापन करण्याचे नियम काढले. या बँकेत जमा झालेले श्रेयांक कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातून एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोयही यातच येते. म्हणजे विद्यापीठ 'अर्धे' ही स्थिती मान्य करू लागले आहे. नोकरीचा अर्ज मात्र अजून 'होय' किंवा 'नाही' एवढेच ओळखतो. शिवाय जुन्या पद्धतीने भाग १ करून थांबलेल्या हजारोंना ही पदविका लागू होत नाही. त्यांच्यापाशी आहे ती केवळ गुणपत्रिका.

काय करावे

उमेदवारापुरता नियम सोपा आहे. पदवीच्या रकान्यात केवळ मिळालेल्या पदव्या लिहाव्यात. अपुरे शिक्षण त्याखाली, वेगळ्या ओळीत, अवस्था स्पष्ट करून लिहावे: 'एम.कॉम., भाग १ उत्तीर्ण, २०१९. भाग २ अपूर्ण.' शिक्षण चालू असेल तर कोणत्या वर्षी पुरे होणे अपेक्षित आहे ते लिहावे. सोडण्याची कारणे बायोडाटात देऊ नयेत. मुलाखतीत विचारल्यास एका वाक्यात सांगावीत. चार दिवस वर्गात बसून सोडलेला अभ्यासक्रम लिहिण्याचे कारण नाही. परंतु ज्यात परीक्षा उत्तीर्ण झाली आहे, ज्याचा त्या कामाशी संबंध आहे किंवा ज्याने मधला काळ व्यापला आहे, ते लिहावे. आणि जेथे अर्जच सर्व शिक्षणाची माहिती मागतो, तेथे तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, 'अपूर्ण' हा शब्द पाहताच मालक अर्ज बाजूला टाकील. हा माणूस हाती घेतलेले काम सोडून देणारा आहे असे समजेल, किंवा हा उद्या अभ्यासासाठी नोकरी सोडील अशी शंका घेईल. काही मालक तसे करतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. खरे बोलण्याची किंमत नेहमीच शून्य असते असे सांगणे हीही एक फसवणूकच होईल. परंतु ही किंमत अर्ज करताना एकदाच द्यावी लागते. लपविण्याचे कर्ज मात्र नोकरीच्या अखेरपर्यंत डोक्यावर राहते.

ही किंमत कमी करणे नोकरी देणाऱ्यांच्या हाती आहे, आणि सगळा भार उमेदवारावर टाकणे अन्यायाचे होईल. बंदर, गोदामे, बँका, शाळा आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या अर्जात 'अपूर्ण किंवा चालू शिक्षण' असा स्वतंत्र रकाना ठेवावा. ज्या अर्जात खरे लिहिण्यास जागाच नाही, तो अर्ज खोट्याला आमंत्रण देतो. मुलाखत घेणाऱ्यांनी 'पुरे का केले नाही?' हा प्रश्न उपहासाने विचारण्याऐवजी 'जे केले त्यात काय शिकलात?' असे विचारावे. विद्यापीठांनी जुन्या पद्धतीने पहिला भाग उत्तीर्ण झालेल्यांना त्या शिक्षणाचे रीतसर प्रमाणपत्र द्यावे आणि उरलेला भाग पुरा करण्याची वाट वाजवी शुल्कात खुली करावी. आणि पाळीत काम करणाऱ्या तरुणाला परीक्षेच्या दिवसांत रजा देणारा मालक मिळाला, तर अपुऱ्या पदव्यांची संख्याच कमी होईल.

ज्या तालुक्यात जमिनीच्या एकेका गुंठ्याच्या नोंदीसाठी माणसे वर्षानुवर्षे झगडली, तेथील तरुणांना नोंदीचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. शिक्षणाची नोंदही तितक्याच काटेकोरपणे व्हावी आणि तितक्याच आदराने वाचली जावी. झालेले शिक्षण झाले म्हणून लिहावे, न झालेले झाले नाही म्हणून लिहावे, आणि असे लिहिणाऱ्याला उभे राहण्यास जागा मिळावी, एवढीच अपेक्षा आहे. आणि ती पुरी करण्यास फार पैसा लागत नाही.